शुक्राचार्यांच्या आश्रमात दानवांची मुले काय शिकत असतील?

वेताळटेकडी (प्रश्न):
१२ ते १५ वर्षांच्या मुलांसाठी मी दैत्य-दानवांच्या जादूशाळेची कादंबरी लिहीत आहे. ही शाळा परक्या किल्ल्यात न भरवता दानवांचा राजा वृषपर्वा याच्या राज्यातील शुक्राचार्यांच्या आश्रमात भरवावी, असे ठरवले आहे. अडचण अशी, की मेलेल्यांना उठवणारी संजीवनी विद्या गुरूंपाशी असूनही त्यांच्या एकाही दानव शिष्याला ती आलेली दिसत नाही. ती मिळाली कचाला, म्हणजे देवांच्या गुरूच्या मुलाला. मग दानवांची मुले तेथे शिकत तरी काय होती? मूळ कथांना धरून अभ्यासक्रम कसा रचावा, हे जाणकारांनी सुचवावे.

पोथीवाला:
भागवताच्या सातव्या स्कंधात असुरबालकांचा वर्गच आला आहे. शुक्राचार्यांचे पुत्र शंड आणि अमर्क प्रह्लादाला इतर असुरपुत्रांबरोबर शिकवतात. पण तेथे साम, दान, भेद, दंड आणि धर्म, अर्थ, काम यांचेच पाठ आहेत, जादूचा मागमूस नाही. गुरुजी घरच्या कामांत गुंतले की मुले प्रह्लादाला खेळायला बोलावतात आणि तो त्यांनाच उपदेश करू लागतो; मधल्या सुट्टीचा हा प्रसंग आपल्याला आयताच मिळेल. शिक्षकवर्गाला मंत्रविद्या येत होती, हे मात्र विष्णुपुराणावरून दिसते. प्रह्लाद बधत नाही म्हटल्यावर दैत्यांचे पुरोहित त्याच्यावर कृत्या, म्हणजे मंत्राने निर्माण केलेली संहारक शक्ती, सोडतात, ती उलटून त्यांचेच प्राण घेते आणि प्रह्लादाच्या प्रार्थनेने ते पुन्हा उठतात. संजीवनी न शिकता!

सांजवात:
माझ्या मते संजीवनी न शिकवणे हेच त्या शाळेचे धोरण होते. महाभारताच्या आदिपर्वात, लढाईत पडलेल्या दानवांना शुक्राचार्य स्वतः उठवतात. कचाला दानवांनी दोनदा मारले, तेव्हाही आपली मुलगी देवयानी हिच्या हट्टाखातर त्यांनीच त्याला उठवले. तिसऱ्या वेळी त्याची राख मद्यातून गुरूंच्याच पोटात गेली, आणि तो पोट फाडून बाहेर आल्यावर आपल्याला जिवंत करणारा कोणी हवा, म्हणून त्यांनी तो पोटात असतानाच त्याला विद्या दिली. याला अध्यापन म्हणवत नाही. पुढे वृषपर्व्याची मुलगी शर्मिष्ठा हिने देवयानीला विहिरीत ढकलल्यावर शुक्राचार्य राज्य सोडायला निघतात, तेव्हा वृषपर्वा इतका हवालदिल होतो, की पोटच्या मुलीला देवयानीची दासी करण्यास कबूल होतो. दानवांच्या घरोघरी संजीवनी पोचली असती, तर त्याने गुरूंची एवढी मनधरणी केली असती का?

खडूफळा:
सांजवात यांचे म्हणणे पटते, परंतु जादूच नसलेली जादूची शाळा मुले वाचणार नाहीत. भागवताच्या दहाव्या स्कंधात शंबरासुराच्या मुदपाकखान्यावर देखरेख करणारी मायावती कृष्णाचा मुलगा प्रद्युम्न याला सर्व मायांचा नाश करणारी महामाया विद्या शिकवते. तेव्हा आश्रमात राजनीती आणि मुदपाकखान्यात माया, अशी दुहेरी शाळा दाखवता येईल. कथानक हवे असेल तर मत्स्यपुराण पाहावे. शुक्राचार्य शंकराकडून मंत्र मिळवण्यासाठी तपाला जातात आणि नंतर इंद्राची मुलगी जयंती हिच्या सहवासात १० वर्षे अदृश्य राहतात; तेवढ्यात देवांचे गुरू बृहस्पती त्यांचे रूप घेऊन असुरांना शिकवू लागतात. खरे गुरू परतल्यावर शिष्य त्यांनाच तोतया ठरवतात आणि शाप ओढवून घेतात. एवढा मोठा घोटाळा कोणत्या शाळेला लाभला आहे?

वेताळटेकडी:
सर्वांचे आभार. तोतया गुरूंचा काळच कादंबरीसाठी घेतो. जादूचा एक नियम मात्र कचाच्या कथेतून उचलीन: देवयानीच्या शापाने त्याची विद्या त्याला स्वतःला फळणार नाही, पण तो जिला किंवा ज्याला शिकवील, त्यांना फळेल. माझी नायिका मुदपाकखान्यात काम करणारी दानवकन्या असेल. तिला सगळे मंत्र पाठ असतील, पण एकही चालवता येणार नाही, आणि म्हणून वर्गात सर्वांत मागे बसणाऱ्या मुलाला ती गुपचूप शिकवू लागेल.