मदत हवी आहे: कोणता टिश्यू घेतला तर जंगल तुटत नाही?

तापीकाठ
तीन पाकिटं समोर ठेवून बसलेय. एकावर हिरवं पान आणि ‘इको-फ्रेंडली’, दुसऱ्यावर ‘बांबूपासून’, तिसरं साधं पांढरं, कोपऱ्यात बरोबरच्या खुणेसारखं बारीक झाड. बांबूचं दुपटीनं महाग. मागच्या रविवारी पाल गावी गेलो होतो. सातपुड्याच्या उघड्या टेकड्या पाहिल्यापासून कागद ओढताना हात अडतो. यातलं कोणतं घेऊ? आज संध्याकाळी आणायचंच आहे. खूप लागतात.

भुसावळचा
खूप म्हणजे किती? नॅपकिन, किचन रोल की टॉयलेट पेपर? घर आहे की खानावळ?

तापीकाठ
घरच हो. रोज एक पाकीट संपतं. प्रकार कुठलाही चालेल, झाडाचं तेवढं सांगा.

केळीबाग_रावेर
ताई, खरा कागद जातो ताटल्या आणि कपांत. आमच्याकडे भरीत-पुरीचा बेत केळीच्या पानावरच होतो, नंतर पानं गुरांपुढे. आणि चहाचे कागदी कप तर बंदच करा. आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. आयआयटी खरगपूरनं 2020 मध्ये तपासलं होतं, 100 मिली गरम पेय 15 मिनिटं कपात राहिलं की प्लास्टिकचे सुमारे 25,000 सूक्ष्म कण त्यात उतरतात.

शिरपूरना_भाऊ
आमना गावले अजून पयसना पानेसनी पत्रावयच ऱ्हास. लगीन ऱ्हावो का तेरावं.

भुसावळचा
पत्रावळ चांगलीच, पण ताईंनी पुसायचा कागद विचारलाय. पत्रावळीनं कसं पुसणार?

यावल_वनवाट
मूळ समजच दुरुस्त करतो. वडील वनखात्यात होते, लहानपण यावलच्या जंगलात गेलं. सातपुडा उघडा पडला तो टिश्यूपायी नाही. सरपण, सागाची चोरटी तोड, वणवे, शेतीसाठी मोकळी केलेली जमीन ही कारणं. आपल्या कागद गिरण्यांचं लाकूड बहुतेक शेतातलं, सुबाभूळ आणि निलगिरी. 1988 च्या वनधोरणानंच गिरण्यांना शेतकऱ्यांकडून लाकूड घ्यायला सांगितलं.

अक्कलकुवा_ते_धडगाव
‘शेतीसाठी मोकळी केलेली’ असं एका दमात आदिवासींच्या माथी मारू नका. कसत असलेल्या जमिनीचा हक्क 2006 च्या वनहक्क कायद्यानं दिलाय. सागाचे ट्रक पाड्यावरच्या माणसाचे नसतात.

यावल_वनवाट
ट्रकचं पटलं. माझा रोख पाड्यांवर नव्हता, वाक्य नीट लिहायला हवं होतं.

रद्दी_ते_रीम
मी वीस वर्षं कागदाच्या धंद्यात आहे. टिश्यूचा लगदा पुष्कळदा बाहेरच्या देशांतून येतो, म्हणून पालच्या टेकड्या वाचल्या तरी दुसरीकडचं जंगल जाऊ शकतं. ‘इको-फ्रेंडली’ आणि हिरवं पान कुणीही छापतं, ते सोडा. तीन बाणांच्या चिन्हालाही फसू नका, कित्येकदा त्याचा अर्थ ‘यापासून पुन्हा माल करता येईल’ एवढाच असतो, रद्दीपासून केलंय असा नाही.
तिसऱ्या पाकिटावरचं बारीक झाड एफएससीचं असणार, म्हणजे लाकूड नीट राखलेल्या जंगलातलं आहे का यावर खूण देणाऱ्या जागतिक संस्थेचं. त्याखाली काय लिहिलंय ते वाचा. ‘रिसायकल्ड’ म्हणजे सगळा माल पुनर्वापराचा. ‘100%’ म्हणजे नीट राखलेल्या, तपासलेल्या जंगलातला. ‘मिक्स’ म्हणजे सरमिसळ. शेजारी परवान्याचा क्रमांक असतो, तो त्यांच्या संकेतस्थळावर टाकला की कंपनीचं नाव निघतं. टिश्यूला ‘रिसायकल्ड’च घ्यावा असं मी म्हणतो, कारण वापरलेला टिश्यू रद्दीत जात नाही, त्या धाग्याचा तो शेवटचाच फेरा. त्यासाठी ताजं झाड कशाला? बांबू वाईट नाही, पण कुठला, कुणी तोडला हे लिहिलेलं नसेल तर दुपटीचे पैसे नुसत्या नावाचे.

धुळ्याची_सुमन
सगळे खुणांवर बोलताय. तापीकाठ, घरात रोज एक पाकीट कशाला लागतं गं?

तापीकाठ
सांगायचं राहिलं. सासऱ्यांना जानेवारीत पक्षाघात झाला. लाळ गळते, घास सांडतो, दर पाच मिनिटांनी पुसावं लागतं.

धुळ्याची_सुमन
हे आधी सांगायचं ना! मी आईचं दोन वर्षं केलं. जुन्या सुती धोतराचे वीतभर तुकडे कर, चाळीस तरी. मऊ असतात. टिश्यूनं आईची हनुवटी सोलून निघाली होती. दिवसभराचे एका बादलीत भिजवायचे, रात्री उकळून धुवायचे.

भुसावळचा
पाण्याचं काय? आमच्याकडे उन्हाळ्यात नळ चौथ्या दिवशी येतो.

धुळ्याची_सुमन
कागद करायलाही पाणी लागतंच, फक्त ते आपल्या हंड्यातलं नसतं. भांडी विसळलेल्या पाण्यात पहिला हात मारायचा, शेवटी एक बादली स्वच्छ. आपल्या उन्हात अर्ध्या तासात कडकडीत वाळतात.

नर्स_चोपडा
कापड लाळेला आणि सांडलेल्या घासाला. जुलाब किंवा जखम असेल तेव्हा कागदच वापरा आणि लगेच टाका, तिथे झाडांचा विचार करू नका. आणि ताई, घास फार सांडत असेल, जेवताना ठसका लागत असेल तर गिळण्याची तपासणी करून घ्या. त्याला वेळ लावू नका.

तापीकाठ
ठसका लागतो, हो. उद्याच दाखवते. हनुवटी लाल झालीये, ती मी घामानं समजत होते.
तिसऱ्या पाकिटावर ‘मिक्स’ निघालं, तेच एक आणलं. अण्णांची, म्हणजे सासऱ्यांची, चार धोतरं कपाटात पडून होती. फाडू का विचारलं तर मान हलवून हो म्हणाले. छत्तीस तुकडे झालेत. ‘रिसायकल्ड’ लिहिलेला टिश्यू जळगावात कुणाला दिसला असेल तर दुकान कळवा.

रद्दी_ते_रीम
शनिवारी फुले मार्केटला जाणार आहे, बघून लिहितो.