हरकती-सूचना कुणी वाचतं का?

मीनल, विक्रोळी: आमच्या इथल्या मैदानाचं आरक्षण बदलायचा प्रस्ताव आलाय, पेपरात नोटीस आहे. सोसायटीत कुणी म्हणतं सह्यांचं पत्र देऊ, कुणी म्हणतं एखाद्या संस्थेला गाठू. संस्थांच्या म्हणण्याने सरकारी धोरण खरंच हलतं का?

परळकर: सगळं आधीच ठरलेलं असतं. हरकती हा निव्वळ उपचार आहे.

शरदकाका, दादर: मीनलताई, हलतं. मुंबईच्या विकास आराखड्याचा, म्हणजे कुठली जागा कशासाठी राखायची ते ठरवणाऱ्या योजनेचा, मसुदा फेब्रुवारी 2015 मध्ये आला, तेव्हा चुकांचा डोंगर होता. आम्ही काही जण सतरंजीवर नकाशाच्या शीट पसरून भिंग घेऊन बसायचो, एकेका गल्लीत जाऊन जागेवर काय आहे ते ताडून बघायचो. असं शहरभर चाललं होतं. एप्रिलमध्येच मुख्यमंत्र्यांनी मसुदा नव्याने सुधारायला लावला.

पण मला जास्त मोलाचं वाटतं ते त्याच्या आधीचं काम. ‘हमारा शहर विकास नियोजन अभियान’ या संस्था-संघटनांच्या मोहिमेने मसुदा यायच्या आधीपासून वस्त्यांमध्ये बैठका घेतल्या. फेरीवाले, बेघर, घरकामगार बायका यांना आराखड्यात काय हवं, ते मांडलं. 2018 मध्ये मंजूर झालेल्या आराखड्यात बेघर निवारे आणि नोकरदार महिलांची वसतिगृहं यांची आरक्षणं आहेत. नुसत्या विरोधातून ही येत नाहीत. कुणीतरी आधी मागावी लागतात.

परळकर: आणि मंजूर आराखडाही नगररचना कायद्याच्या (एमआरटीपी) कलम 37 खाली बदलतातच ना? मीनलताईंचं मैदान तेच तर आहे.

शरदकाका, दादर: बरोबर. म्हणूनच आराखडा मंजूर झाल्यावर पांगणारा गट कामाचा नाही. मैदान एकदा गेलं की परत मिळत नाही, त्यामुळे रागवा, पण पत्रात राग नको. सीटीएस क्रमांक (जागेचा सिटी सर्व्हे नंबर), नकाशाचा शीट क्रमांक, आता तिथे कोण खेळतं, जवळ दुसरं मैदान किती लांब आहे, एवढं लिहा. एकाच मजकुराखाली सह्या घेण्यापेक्षा शाळेने वेगळं द्यावं, ज्येष्ठांनी वेगळं. आवक शिक्का मारलेली पोच घ्या, तिच्याशिवाय सुनावणीला हक्काने उभं राहणं जड जातं. मुदत एक महिन्याची असते, नोटिशीची तारीख आजच बघा. संस्थेला जरूर गाठा, त्यांना कलमं पाठ असतात. मैदान मात्र तुम्हालाच ठाऊक आहे.

मीनल, विक्रोळी: काका, सीटीएस क्रमांक प्रॉपर्टी कार्डावर असतो ना?

शरदकाका, दादर: हो. नोटिशीतल्या क्रमांकाशी जुळवून घ्या, आणि मैदानाचे फोटो तारखेसकट जोडा.