मदत हवी आहे: स्वयंचलित हायड्रोपोनिक चाऱ्यातली बुरशी

नमस्कार मंडळी,

बंद खोलीत, एकावर एक रॅक लावून मक्याचा हायड्रोपोनिक (मातीविना, नुसत्या पाण्यावर वाढवलेला) चारा घेतोय. पाणी टायमरवर, तापमान आणि आर्द्रता सेन्सरवर. पहिले चार दिवस कोंब सुरेख येतात. पाचव्या-सहाव्या दिवशी मात्र खालच्या ट्रेमध्ये, मुळांच्या जाळीत पांढरी-करडी बुरशी धरते आणि आंबूस वास येतो. असा ट्रे मी जनावरांपुढे टाकत नाही. बुरशीच्या विषाशी खेळ नको, गाभण गाईंच्या बाबतीत तर मुळीच नको.

बियाणं औषध न लावलेलंच घेतो, फुटके दाणे वेचून काढतो, सोडियम हायपोक्लोराइटच्या (जंतुनाशक ब्लीचच्या) सौम्य द्रावणातून काढून स्वच्छ धुतो आणि मग भिजवतो. खोली २० ते २२ अंशांवर असते. माझा संशय हवेवर आहे: वरचे ट्रे साफ असतात, खाली हवा कोंडते, शिवाय वरचं पाणी खालीच निथळतं.

ज्यांनी हे प्रत्यक्ष चालवलंय त्यांनी सांगा: पंखे प्रत्येक थराला वेगळे लावता का? रात्री पाण्याची फवारणी बंद ठेवता की फक्त कमी करता? निथळलेलं पाणी पुन्हा वापरत असाल तर ते निर्जंतुक कसं करता?

आणखी एक. १ किलो बियाण्याचा ६-७ किलो चारा होतो खरा, पण त्यातलं बरंचसं पाणीच. कोरडा भाग बियाण्यापेक्षा थोडा घटतोच. मग दुभत्या गाईला सुका चारा किती ठेवता?