मॅचच्या दिवशी घरच्या चवीचं सँडविच: तुमचे अनुभव सांगा

२ नोव्हेंबर २०२५, रविवार. महिला विश्वचषकाची फायनल होती आणि कॉलनीतल्या बारा-तेरा जणी माझ्याकडे, परभणीत, जमणार होत्या. मॅच तीनला म्हणून मी अडीचलाच तीस सँडविच करून ताटात रचून ठेवले. ब्रेडला हिरव्या मिरचीचा ठेचा, वर काकडी, कांदा, टमाटे. अन् तिकडे नवी मुंबईत पाऊस! खेळ सुरू झाला पाचला. तोवर काकडीला पाणी सुटलेलं, खालचा थर उचलला की मधोमध फाटत होता. मला रडूच यायचं बाकी होतं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "काही टाकायचं नाही. काकडी काढ, तवा ठेव."

मंद आचेवर तेल सोडून एकेक दाबून भाजलं. कडा कुरकुरीत झाल्या, ठेच्याचा ठसका उतरला आणि लसणाचा वास वर आला. शफालीच्या ८७ धावा बघून झाल्या, दीप्तीच्या पाच विकेटही झाल्या, मध्यरात्र उलटली तरी कोणी उठायला तयार नव्हतं. आपण ५२ धावांनी जिंकलो तेव्हा ताटात फक्त चुरा होता.

मॅचच्या दिवशी तुमच्याकडे काय करतात? ब्रेडमध्ये, पोळीत, भाकरीत काय भरता? भिजू नये म्हणून काय करता? चुकलेलंसुद्धा सांगा.

*

बीडहून लिहितेय. सासूबाईंना ब्रेड चालत नाही, त्यामुळे आमचं सँडविच भाकरीचंच. ६ फेब्रुवारी २०२४ला एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकाची सेमीफायनल होती, आणि आपल्या बीडचा सचिन धस खेळत होता. आळीतली सगळी पोरं आमच्या ओसरीत.

भाकर तव्यावरून जाळावर टाकली की टम्म फुगते. वाफ धरून आहे तोवरच कडेला बोटानं चीर द्यायची आणि पापुद्रा अर्धाच सोडवायचा. पूर्ण सुटला तर खिसा राहत नाही. आत सगळ्यात आधी लोणी, मग ठेचा, मग बुक्कीनं फोडलेला कांदा. लोणी आधी लावलं की ठेच्याचं पाणी भाकरीत मुरत नाही. ज्वारीचं पीठ मात्र ताजंच पाहिजे. जुन्या पिठाची विरी जाते, मग भाकर थापतानाच कडा चिरतात आणि फुगायचं नाव घेत नाही. माझ्या पहिल्या चार भाकरी अशाच गेल्या. डब्यातलं पीठ महिन्याचं होतं, शेवटी शेजारून ताजं आणलं.

२४५चा पाठलाग होता, ३२ धावांत चार जण परतले. पोरं भाकर हातात धरून नुसतीच बसलेली. सासूबाईंना क्रिकेटातलं काही कळत नाही, पण "आपल्या गावचं लेकरू हाय, जिंकतंय बघा" म्हणत थापत राहिल्या. सचिन ९६वर बाद झाला. चार धावांसाठी ओसरीभर जी हळहळ झाली ती अजून कानात आहे. पण मॅच दोन विकेटनं जिंकली, आणि त्या दिवशी मी किती भाकरी भाजल्या ते मोजलंच नाही.

*

मूळचा नांदेडचा, नोकरी पुण्यात. १९ नोव्हेंबर २०२३, विश्वचषकाची फायनल, म्हणजे भाऊबीज होऊन चारच दिवस झालेले. खोलीतल्या सगळ्यांच्या पिशव्यांत गावाकडचा फराळ. ब्रेडला लोणी अन् आईच्या हातची जवसाची चटणी लावली, वर चिवडा पसरला. चिवडा अगदी वाढायच्या वेळीच घालायचा, नाहीतर सादळतो. पहिल्या डावाला सगळ्यांनी दोन-दोन खाल्ले. ऑस्ट्रेलियाच्या हेडनं १३७ काढले त्या दुसऱ्या डावात कोणी हात लावला नाही. उरलेले सकाळी डब्यात नेले. चटणीच्या वासानं घरची आठवण येऊन फार एकटं वाटलं, तेही इथं सांगावंसं वाटलं.

*

छत्रपती संभाजीनगर. आमच्याकडे नान-खलिया, पण खलियाचा म्हणजे मटणाचा रस्सा सांभाळत टीव्ही बघता येत नाही. म्हणून जुन्या शहरातून नान आणतो, मधून चिरतो आणि आत शामी कबाब, कांदा, पुदिना. ९ मार्च २०२५ला चॅम्पियन्स ट्रॉफीची फायनल रमजानमध्ये आली होती. मित्राच्या घरी कोणीच, रोजा नसलेल्यांनीही, इफ्तारच्या आधी नान तोडला नाही. दुबईत आपली बॅटिंग चालू आणि इथं आधी खजूर, मग पाणी, मग नान. इतकी चव मला परत कधी लागली नाही.

*

लातूरला शिकवणीसाठी राहतो, खोलीत चौघं. शेगडी वापरायला परवानगी नाही. २९ जून २०२४ला टी-ट्वेंटीची फायनल. घरून आलेली शेंगदाण्याची चटणी आणि ब्रेड, एवढंच सामान. पण कोरडी चटणी सगळी अंथरुणावर गळते. मग दही रुमालात बांधून खिडकीला टांगलं आणि त्यात चटणी कालवली. सूर्याचा कॅच बघताना माझं सँडविच हातातल्या हातात दाबलं गेलं, पण एक थेंब गळला नाही.

*

लातूरच्या दादा, दही किती वेळ टांगलं होतं? माझं पातळच राहतं. हिंगोलीहून विचारतेय, आमच्याकडे येत्या रविवारी वीस माणसं आहेत.

*

ताई, चार तास तरी पाहिजेत. उन्हाळ्यात टांगून ठेवलं तर आंबट होतं, तुमच्याकडे फ्रिज असेल तर चाळणीत रुमाल घालून खाली पातेलं ठेवा अन् रात्रभर तसंच फ्रिजमध्ये राहू द्या. मीठ शेवटी घाला, आधी घातलं की परत पाणी सुटतं. वीस माणसांना दोन किलो दही लागेल, बांधल्यावर ते निम्म्याच्या आसपास येतं.