सही करणारा इंजिनियर सुटतो कसा?

कृष्णाकाठ: सांगलीत मामेभावाचं घर, काळ्या मातीतलं. दुसऱ्या पावसाळ्यानंतर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर गेली, आता त्यात रुपयाचं नाणं उभं राहतं. इंजिनियर म्हणतो, "मी फक्त नकाशावर सही केली, काम ठेकेदाराचं." पाया किती खोल न्यायचा, ते माती न बघताच नकाशात टाकलंय. सहीचे पैसे घेतले म्हणजे जबाबदारीही घेतली, असं माझं मत.

साइटवरचा: असे मालक आम्हाला रोज भेटतात ओ. माती परीक्षण करा म्हटलं की, "शेजाऱ्यानं कुठं केलंय?" देखरेखीची फी सांगितली की, "मी स्वतः उभा राहतो की." मग मिस्त्री रिंगा (उभ्या-आडव्या सळ्यांना बांधून ठेवणारी लोखंडी कडी) मनाला येईल तशा लांब लांब बांधतो, आणि चीर पडली की इंजिनियर आठवतो. आमची सही म्हणजे काय गॅरंटी कार्ड आहे?

काळा कोट: गॅरंटी नाही, हे खरं. त्या व्यवसायातल्या साधारण कुशल माणसानं जेवढी काळजी घेतली असती, तेवढी घेतली का, एवढंच कोर्ट बघतं. इंग्लंडच्या १९५७ च्या बोलम खटल्यातली ही कसोटी. खटला दवाखान्याचा होता. आपल्या सुप्रीम कोर्टानं २००५ मध्ये जेकब मॅथ्यू प्रकरणात ती मानली, आणि तिथं विशेष कौशल्य असल्याचं सांगणाऱ्यांत आर्किटेक्टही मोजले. पण चूक दाखवून भागत नाही, नुकसान त्याच चुकीतून झालं हेही दाखवावं लागतं. घोडं तिथं अडतं. चीर पाया खचल्यानं, की ठेकेदाराच्या हातचलाखीनं?

कृष्णाकाठ: माती परीक्षण नको, असं भावानंच म्हटलं होतं. कबूल. पण इंजिनियरनं ते लिहून घ्यायचं ना?

साइटवरचा: लिहून मागितलं की मालक उठून दुसऱ्याकडे जातो. चार दुकानं सोडून निम्म्या पैशात सही मिळते.

काळा कोट: हे कोर्टात सांगून बघा! 'सगळेच तसं करतात' यानं सुटका होईलच असं नाही. भावाचा वाटाही धरला जाईल, भरपाई तेवढी घटू शकते. आणि उद्या शेजाऱ्याच्या भिंतीला तडा गेला, तर करार नसतानाही तो दावा लावू शकतो. इंग्रजांच्या देशात डोनोह्यू बाईंनी बाटलीतल्या गोगलगायीवरून पेय बनवणाऱ्याला असंच कोर्टात खेचलं होतं, १९३२ मध्ये निकाल त्यांच्या बाजूनं लागला. बाटली विकत घेतली होती मैत्रिणीनं. भावाला ग्राहक आयोगाचाही रस्ता आहे, पण मुदत दोन वर्षं.

माधवनगरकर: दोन वर्षं कधीपासून? घर मिळाल्यापासून, की चीर दिसल्यापासून?

काळा कोट: त्यावरच पहिली चकमक होणार. कागद घेऊन लवकर वकील गाठा.

साइटवरचा: त्याआधी एक करा. चिरेवर आडवी काचपट्टी सिमेंटनं बसवा, बाजूला तारीख लिहा, फोटो काढा. काच तडकली तर चीर अजून हलतेय. आणि काय निघेल ते मलाही कळवा, माझ्या दोन साइट त्याच मातीत आहेत.