अमेरिकेतील पदवीप्रवेश : निबंध कधी लिहायला घ्यावेत आणि महाविद्यालये कशी निवडावीत?

प्रश्न : एक पालक, कोल्हापूर

नमस्कार. माझी मुलगी अकरावी विज्ञान शाखेत शिकते आहे आणि बारावीनंतर अमेरिकेत पदवीसाठी अर्ज करण्याची तिची मनापासून इच्छा आहे. तिच्या कनिष्ठ महाविद्यालयात याविषयी मार्गदर्शन करणारे कोणी नाही. एका सल्लागाराने आत्ता, फेब्रुवारीतच, सगळे निबंध लिहायला घ्या असे सुचवले. उलट परिचयातील एक गृहस्थ म्हणतात की, महाविद्यालयांची यादी ठरल्याशिवाय एक ओळही लिहू नये. पुढच्या वर्षी याच सुमारास बोर्डाची परीक्षा असल्यामुळे वेळेची आखणी आताच करायची आहे. पूर्ण शुल्क भरणे आम्हाला शक्य नाही, हेही नमूद करते. सुरुवात नेमकी कशापासून करावी?

उत्तर : प्रवेश मार्गदर्शक शिक्षक, पुणे

आपल्याला मिळालेले दोन्ही सल्ले अर्धे बरोबर आहेत, कारण निबंध दोन प्रकारचे असतात. कॉमन ॲपचा (अनेक महाविद्यालयांना एकत्रित ऑनलाइन अर्ज करण्याच्या सोयीचा) मुख्य निबंध सर्व महाविद्यालयांना एकच जातो, त्याची मर्यादा 650 शब्दांची असते आणि तो यादीवर अवलंबून नसतो. याउलट प्रत्येक महाविद्यालयाचे स्वतःचे छोटे प्रश्न, विशेषतः 'आमच्याकडेच का यायचे आहे?' हा प्रश्न, यादी ठरल्याशिवाय लिहिणे म्हणजे श्रम वाया घालवणे होय. नव्या वर्षाचा अर्ज 1 ऑगस्टला खुला होतो आणि बहुतेक महाविद्यालयांचे त्या वर्षीचे प्रश्न तेव्हाच समोर येतात.

मात्र तुमच्या बाबतीत निबंधाच्याही आधी पैशांचा विचार करावा लागेल, आणि हे मी आग्रहाने सांगतो. परदेशी विद्यार्थ्याने आर्थिक मदत मागितली, तर बहुसंख्य महाविद्यालये प्रवेशाचा निर्णय घेताना ती मागणी विचारात घेतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट अशा मोजक्या संस्था ती विचारात घेत नाहीत आणि प्रवेश मिळाल्यास सिद्ध झालेली संपूर्ण गरज, म्हणजे एकूण खर्चातून कुटुंबाला झेपेल अशी ठरवलेली रक्कम वजा करून उरणारा भाग, भागवतात. पण तिथे प्रवेश मिळणे अतिशय कठीण असल्यामुळे केवळ त्यांच्या भरवशावर यादी करता येत नाही. म्हणून परदेशी विद्यार्थ्यांना भरीव मदत देणारी छोटी खासगी महाविद्यालये मार्च-एप्रिलमध्येच शोधायला लागावे. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे नाव आपल्याकडे फार घेतले जाते. त्याचा अर्ज स्वतंत्र असतो आणि त्यात आठांपैकी चार प्रश्नांची प्रत्येकी 350 शब्दांपर्यंत उत्तरे द्यावी लागतात. परंतु परदेशी विद्यार्थ्याला तिथे गरजेवर आधारित मदत जवळजवळ मिळतच नाही, त्यामुळे तुम्ही त्यासाठी वेळ घालवू नये असे माझे मत आहे.

मुख्य निबंधाचा पहिला खर्डा अकरावीची परीक्षा संपल्यावर, मे महिन्याच्या सुट्टीत व्हावा. निफाड तालुक्यातील एका विद्यार्थिनीने पहिल्या खर्ड्यात समाजसेवा आणि देशाची प्रगती यांवर सुंदर इंग्रजीत लिहिले होते, पण त्यात ती स्वतः कुठेच दिसत नव्हती. घरी काय काम करतेस असे विचारल्यावर तिने द्राक्षबागेच्या फवारणीची वही दाखवली. कोणते औषध कोणत्या तारखेला मारले आणि त्यानंतर किती दिवस तोडणी करायची नाही, ही नोंद तीच ठेवत असे, कारण निर्यातीच्या मालात औषधाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त आढळला तर माल नाकारला जातो. भाव चांगला चालू असताना वडिलांना तोडणी पुढे ढकलायला लावण्याचा एक प्रसंग तिने लिहिला आणि निबंध उभा राहिला. असा विषय सापडायला वेळ लागतो, म्हणूनच मे महिना सांगतो.

उत्तर : एक पालक, न्यू जर्सी

आमच्या मुलाने इथल्या शाळेतून अर्ज केले आणि मदतीचे नियमही त्याला वेगळे होते. निबंधाचे काम मात्र सारखेच. निबंध जास्तीत जास्त दोघांना दाखवावा. आत्या, काका, शेजारी आणि सल्लागार अशा सर्वांनी हात फिरवला की सतरा वर्षांच्या मुलीचा आवाज त्यातून निघून जातो.

प्रश्नकर्त्या पालक

दोघांचेही मनःपूर्वक आभार. मुलीची दहावी एका शाळेत झाली आणि अकरावी दुसऱ्या संस्थेत चालू आहे. कागदपत्रे कोणाकडून घ्यावीत? तसेच नोव्हेंबरमध्ये 'अर्ली डिसिजन'ने, म्हणजे लवकर अर्ज करून लवकर निर्णय मिळवण्याच्या पद्धतीने, अर्ज करावा का?

उत्तर : पदवीची विद्यार्थिनी, मॅसॅच्युसेट्स (मूळ गाव सांगली)

काकू, नववी ते बारावी अशा चारही वर्षांचे गुण मागितले जातात, त्यामुळे नववी-दहावीची गुणपत्रके जुन्या शाळेकडून शाळा चालू असतानाच घ्यावीत. नोंद मराठीत असल्यास इंग्रजी भाषांतरही लागेल. समुपदेशकाचा अहवाल (विद्यार्थ्याविषयी शाळेने द्यायची माहिती) तुमच्याकडे प्राचार्यांना किंवा उपप्राचार्यांना भरावा लागेल. तो ऑनलाइन भरायचा असतो आणि त्यांच्यासाठी कदाचित नवा असेल, म्हणून जूनमध्येच प्रत्यक्ष भेटून सर्व समजावून सांगावे. शिफारसपत्रांसाठी शिक्षकांनाही तेव्हाच विनंती करावी.

'अर्ली डिसिजन'ची मुदत साधारणपणे 1 किंवा 15 नोव्हेंबरला संपते आणि निवड झाल्यास तिथेच जाण्याचे बंधन असते. मिळालेली मदत अपुरी असेल तर नकार देता येतो, परंतु वेगवेगळ्या महाविद्यालयांच्या मदतीची तुलना करण्याची संधी राहत नाही. एखादे महाविद्यालय मुलीला खरोखर सर्वांत जास्त आवडत असेल आणि ते परदेशी विद्यार्थ्यांची पूर्ण गरज भागवत असेल, तरच हा मार्ग घ्यावा. मदतीसाठी अनेक महाविद्यालये सीएसएस प्रोफाइल (आर्थिक मदतीसाठीचा ऑनलाइन अर्ज) मागतात; ते 1 ऑक्टोबरला खुले होते आणि त्यात पालकांच्या उत्पन्नाचा सविस्तर तपशील द्यावा लागतो, तेव्हा प्राप्तिकराची विवरणपत्रे आधीच काढून ठेवावीत. नियमित अर्जांच्या मुदती बहुधा जानेवारीच्या सुरुवातीला असतात, पण डिसेंबर-जानेवारीत तिची पूर्वपरीक्षा आणि प्रात्यक्षिकांची तयारी असेल. त्यामुळे यादी ऑगस्टअखेर पक्की करून छोटे निबंध दिवाळीच्या सुट्टीत संपवता आले तर तिला बोर्डाच्या अभ्यासासाठी वेळ मोकळा मिळेल.