सेंट्रल जर्सीत मिडल स्कूल बघून घर घ्यायचंय, रेटिंग ५ म्हणजे शाळा खरंच वाईट असते का?

चिंचगूळ

नमस्कार मंडळी. आम्ही अमेरिकेत न्यू जर्सीत, सध्या अपार्टमेंटमध्ये आहोत, लीज संपत आलीय आणि घर शोधणं चालू आहे. लेक पाचवीत, म्हणजे सप्टेंबरपासून मिडल स्कूल, सहावी ते आठवी. दोन टाउनवर गाडी अडलीय. पहिल्या टाउनच्या मिडल स्कूलला ग्रेटस्कूल्सवर (शाळांना १० पैकी रेटिंग देणारी साइट) ९ आहेत, बहुतेक मुलं देसी नाहीतर चिनी, आणि घरांच्या किमती अशा की घेता येईल पण उद्या दोघांपैकी एकाची नोकरी गेली तर काय या विचाराने झोप उडेल. दुसऱ्या टाउनमध्ये तसंच घर बरंच स्वस्त, नवऱ्याचं ऑफिस जवळ, पण शाळेला ५. तिथे निम्म्याच्या आसपास हिस्पॅनिक मुलं, मग ब्लॅक, गोरी, थोडी आपली. राज्याच्या रिपोर्टमध्ये आठवीच्या गणिताचा आकडा बघितला आणि पोटात गोळाच आला, पास होणारी मुलं अगदी मोजकी. मैत्रिणी म्हणतात डोळे झाकून ९ वाली घे, शिक्षणात तडजोड करायची नाही. नवरा म्हणतो हा आकडा शाळेचा नाहीच, आजूबाजूच्या पगारांचा आहे. मला दोघांचंही पटतं म्हणून काहीच ठरत नाहीये. नक्की काय बघायचं असतं? कुणाची मुलं मिक्स शाळेत शिकलीत का?

टवाळखोर

नवरोबांना माझ्यातर्फे एक कॉफी पाजा. १९६६ मध्ये अमेरिकन सरकारने सहा लाखांवर मुलांचा अभ्यास करून कोलमन रिपोर्ट काढला होता, त्यात हेच निघालं की मार्कांमधला फरक शाळेच्या सोयीसुविधांपेक्षा घरच्या परिस्थितीने जास्त समजतो. साठ वर्षं झाली, आपण अजून रेडफिनसारख्या घरविक्रीच्या साइटवर घराच्या फोटोखालचा आकडा बघून मान हलवतोय.

जर्सीत तर हे जास्तच, कारण इथे सहाशेच्या आसपास स्कूल डिस्ट्रिक्ट (शाळा चालवणारे स्थानिक विभाग) आहेत, जवळजवळ दर टाउनचं वेगळं, आणि शाळेचा बराचसा पैसा प्रॉपर्टी टॅक्समधून. म्हणजे जिथे घर महाग तिथे शिकलेले आईबाप, तिथे मार्क, म्हणून घर अजून महाग. आपण एच-वन-बीवर आलेले लोक मुळात डिग्र्यांच्या चाळणीतून गाळूनच इथे पोचलो, आपली पोरं वर दिसतात यात शाळेचं काय एवढं कौतुक? त्यातून अर्धी पोरं संध्याकाळी कुमॉनला नाहीतर रशियन मॅथला. क्लासची फी आपण भरायची आणि रेटिंग शाळेला.

मास्तरीणबाई

चिंचगूळ, मी जर्सीतच पब्लिक मिडल स्कूलमध्ये गणित शिकवते, त्यामुळे त्या आठवीच्या आकड्याबद्दल आधी सांगते, कारण त्याला घाबरून माझ्या ओळखीतल्या बऱ्याच लोकांनी टाउन बदललंय. आठवीत जी मुलं अल्जिब्रा वन, म्हणजे हायस्कूलचं बीजगणित, घेतात ती आठवीच्या गणिताची स्टेट टेस्ट देतच नाहीत, ती अल्जिब्रा वनची देतात. राज्यभरात अशी मुलं साधारण ३० टक्के. म्हणजे वरची साय काढून घ्यायची आणि मग उरलेल्या दुधाची फॅट मोजायची असा प्रकार आहे. राज्याचा स्वतःचा आठवीचा आकडा पण त्यामुळे सातवीपेक्षा पडलेला दिसतो. तेव्हा आठवीचं गणित एकटं बघू नका, शेजारी अल्जिब्रा वनच्या ओळीत आठवीची किती मुलं बसली आणि त्यातली किती पास झाली ते बघा, आणि सहावी-सातवीचं बघा.

दुसरं म्हणजे पास हा शब्द. एनजेएसएलए म्हणजे या स्टेट टेस्टमध्ये स्कोअर ६५० ते ८५०, एकूण पाच लेव्हल, आणि ७५० ला लेव्हल ४ लागते तिथून पुढे पास. ७४८ वालं पोर आणि ६६० वालं पोर टक्केवारीत एकाच डब्यात. माझ्याकडे सहावीत दोन वर्षं मागे असलेलं मूल येतं, ते वर्षभरात दीड वर्षाचं शिकतं, तरी कागदावर नापासच. त्याच्यापेक्षा शाळेच्या रिपोर्टमध्ये ग्रोथ नावाचा भाग आहे तो उघडा. तिथे मुलाची तुलना राज्यातल्या अशा मुलांशी करतात ज्यांचे मागचे मार्क त्याच्यासारखेच होते, आणि १ ते ९९ मध्ये नंबर देतात. शाळेतल्या मुलांचा मधला नंबर म्हणजे शाळेची ग्रोथ. ४० ते ५९.५ ला राज्य ठीक म्हणतं, त्याच्या वर असेल तर शाळा काहीतरी चांगलं करतेय. आणि हे गटवार पण दिलेलं असतं, म्हणजे एशियन मुलांची वेगळी, कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांची वेगळी. ९ वाल्या शाळेत ग्रोथ ४५ आणि ५ वाल्यात ५८ असं असू शकतं, मुलं वर होतीच ती तशीच राहिली एवढंच पहिलीचं कर्तृत्व. उलटंही असू शकतं हां, म्हणून स्वतः बघा. गटात १० पेक्षा कमी मुलं असली की आकडा झाकतात, आणि गट लहान असला तर आकडा दरवर्षी वरखाली उड्या मारतो, निदान तीन वर्षांचे रिपोर्ट शेजारी ठेवा.

क्रॉनिक अ‍ॅब्सेंटिझमचा रकाना पण सोडू नका, १० टक्के किंवा जास्त दिवस गैरहजर असलेली मुलं. वर्ष १८० दिवसांचं धरलं तर १८ दिवस. आता मजा अशी की डिसेंबरच्या सुट्टीला तीन आठवडे पुढेमागे जोडून भारतात जाऊन येणारी आपली मंडळी तापाचे चार दिवस धरले की याच रकान्यात जाऊन बसतात :)

झुळूक

वरचं सगळं बरोबर असेल, पण दुसरी बाजूही सांगायला हवी. आम्ही मिक्स शाळेत घातलं होतं मुलाला, रेटिंग असंच मधलं. शिक्षक चांगले होते, तक्रार नाही. पण त्याला सहावीतच पुढचं गणित हवं होतं आणि त्या वर्गात इतकी कमी मुलं की शाळेने वेगळा वर्ग काढलाच नाही, कोपऱ्यात लॅपटॉपवर एकटा बसून करायचा. मॅथकाउंट्स या गणित स्पर्धेची टीम उभी राहीना. ९ वाल्या शाळेत हे सगळं आपोआप मिळतं कारण मागणी करणारे दोनशे आईबाप असतात. सरासरीने माझ्या पोराचं डोकं ठरत नाही हे मान्य, पण त्याच्या शेजारी कोण बसतं याने फरक पडतो हेही मान्य करा ना. आम्ही शेवटी आठवीच्या आधी टाउन बदललं.

एक मात्र त्या शाळेचं खरं. लंचला कुणाच्या डब्याला कुणी नाक मुरडलं नाही, आणि स्पॅनिश तो जी शिकला ती वर्गात नाही शिकला.

कट्टेकरी

झुळूकशी अर्धा सहमत. पण ९ वाल्यांचं पण काही खरं नसतं. जर्सीतल्याच वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो डिस्ट्रिक्टचं २०१५ चं प्रकरण आठवतंय का कुणाला? तिथले सुपरिंटेंडंट डेव्हिड अ‍ॅडरहोल्ड यांनी पालकांना १६ पानी पत्र लिहिलं होतं की मुलांवरचा ताण हाताबाहेर चाललाय, आणि हायस्कूलच्या मिडटर्म-फायनल बंद केल्या, होमवर्क नसलेल्या रात्री ठरवल्या. त्यावर पालकांत सरळ दोन तट पडले, आपल्यातल्या आणि चिनी पालकांतल्या बऱ्याच जणांना वाटलं की हे शिक्षण पातळ करणं चाललंय. हे सगळं कुठे, तर देशभर नाव असलेल्या डिस्ट्रिक्टमध्ये. रेटिंगच्या आकड्यात पोर रात्री किती वाजता झोपतं ते येत नाही.

आणि टवाळखोर, कोलमन साहेबांच्या पुढचं पण वाचा. स्टॅनफर्डच्या शॉन रिअर्डन यांनी देशभरच्या डिस्ट्रिक्टचे तिसरी ते आठवीचे मार्क एकत्र केलेत. सरासरी मार्क आणि घरची श्रीमंती हातात हात घालून चालतात, पण मुलं दरवर्षी किती पुढे सरकतात त्याचा श्रीमंतीशी फार थोडा संबंध निघाला. २०१७ मध्ये शिकागोबद्दल तर असं दिसलं की तिथली मुलं पाच वर्षांत सहा वर्षांचं शिकतात, आणि शिकागोच्या पब्लिक शाळांना आपण व्हॉट्सअ‍ॅपवर काय काय म्हणतो! त्यांची साइट फुकट आहे, तुमचं डिस्ट्रिक्ट टाकून बघता येतं.

बांधावरचा_मास्तर

मध्येच तोंड घालतो. मी बीड जिल्ह्यात झेडपीच्या शाळेवर आहे, सहावी ते आठवी. ते गैरहजेरीचं वाचून राहवलं नाही. आमच्याकडे दिवाळी झाली की ऊसतोडीला कोयते निघतात, आईबापाबरोबर पोरंपण जातात, पार मार्च-एप्रिलपर्यंत. हंगामी वसतिगृह असतं, आजीआजोबांकडे काही राहतात, तरी वर्ग रिकामा होतो. मग चाचणीचा निकाल लागला की वरून विचारणा, गुणवत्ता का घसरली. अहो पोरगं कारखान्याच्या फडावर होतं! तेच पोरगं वर्षभर थांबलं तर आठवीला एनएमएमएस काढतं, वर्षाला १२ हजार स्कॉलरशिप बारावीपर्यंत. तुमच्याकडे निदान गटवार आकडे मांडून पालकांपुढे ठेवतात, ही चांगली सोय आहे बुवा.

चिंचगूळ

सगळ्यांचे खूप आभार, एवढं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. काल रात्री दोन्ही शाळांचे तीन-तीन रिपोर्ट उघडून बसलो. ५ वाल्याची भाषेची ग्रोथ ९ वाल्यापेक्षा वर निघाली, गणिताची जवळपास सारखी. एशियन गट लहान आहे पण झाकलेला नाही. आठवीतली मुलं अल्जिब्राला बसतात, पण ९ वाल्यापेक्षा बरीच कमी. म्हणजे झुळूकने म्हटलं ते तिथे होऊ शकतं. मास्तरीणबाई, अल्जिब्राच्या वर्गात मुलांना कोण आणि कधी घालतं? घर घ्यायच्या आधी शाळेला हे विचारलं तर सांगतात का?

मास्तरीणबाई

सांगतात, बिनधास्त फोन करा. गायडन्स ऑफिसला नाही, मॅथ सुपरवायझर कोण ते विचारून त्यांनाच ईमेल टाका. डिस्ट्रिक्टगणिक नियम वेगळे, पण बऱ्याच ठिकाणी पाचवीच्या शेवटीच सहावीचा ट्रॅक ठरतो आणि तो ट्रॅक चुकला की आठवीत अल्जिब्रा मिळणं अवघड होतं. तीन गोष्टी स्पष्ट विचारा: प्लेसमेंट कशावर, सातवीत ट्रॅक बदलता येतो का, आणि पालकांनी विनंती केली तर मान्य होते का. शेवटच्याचं उत्तर हो असेल तर त्या वर्गात कुणाची मुलं बसलीयत तेही विचारा, कारण विनंती करायची असते हे बऱ्याच पालकांना माहीतच नसतं आणि अशा ठिकाणी ५ वाल्या शाळेतही अल्जिब्राचा वर्ग ९ वाल्यासारखाच दिसतो. मुलगी पाचवीत आहे ना, मग हे या स्प्रिंगलाच करावं लागेल, घराच्या क्लोजिंगची (खरेदी पूर्ण व्हायची) वाट बघू नका.

झुळूक

आणि प्लेसमेंट टेस्टची तारीख लेखी मागून घ्या. आमची तेवढ्यानेच हुकली होती.